मधातला पहाड कुठं गेला? : भूगोलाच्या पाठ्यपुस्तक समितीला खुले पत्र

प्रति,
भूगोल पाठ्यपुस्तक समितीचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, एका गावच्या शाळेत मी २२ वर्षांपासून भूगोल शिकवते. शाळेच्या चारी अंगांनी पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन आहे. गच्चीवर चढून पाहिलं तरी डोंगर म्हणावं असं काही नजरेला पडत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी चिखलदराही पाहिलेला नाही. या मुलांना मी दरवर्षी हिमालय शिकवते, ती पाठ करतात, गुणही मिळवतात. तरी हिमालय त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्याचं एक कारण पुस्तकातच आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात भारताचा प्राकृतिक नकाशा खिळ्याला टांगला होता. एका मुलीला म्हटलं, हिमालयावरून काठी फिरव बरं. तिनं काश्मीरपासून सुरुवात केली. तपकिरी रंगावरून काठी हिमाचल, उत्तराखंड अशी सरकत आली आणि थांबली. पुढे रंगच नव्हता. कोरा पांढरा कागद, त्यावर फक्त ‘नेपाळ’ एवढी अक्षरं. तिनं काठी उचलली आणि सरळ सिक्कीमवर नेऊन ठेवली. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “मॅडम, मधातला पहाड कुठं गेला जी?”

जगात आठ हजार मीटरांहून उंच शिखरं १४ आहेत. त्यांतली ८ त्या कोऱ्या कागदावर, म्हणजे नेपाळात किंवा नेपाळच्या सीमेवर उभी आहेत. त्या मुलीनं काठी उचलून जी जागा ओलांडली, ती पृथ्वीवरची सगळ्यात उंच जागा होती.

तुमच्याकडे माझं मागणं हे आहे. हिमालय एक पहाड आहे. पश्चिमेला नंगा पर्वतापासून पूर्वेला नामचा बरवापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांब, काश्मीरकडे सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि अरुणाचलाकडे निमुळता होत १५० किलोमीटरवर आलेला. पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान आणि चीनच्या ताब्यातला तिबेट, एवढ्या सगळ्यांत तो पसरला आहे. तो मुलांना एकदा तरी अखंड दाखवा. आणि तो आमच्या गावापर्यंत कसा येतो, तेही पुस्तकात येऊ द्या. सीमारेषा कुठून काढायची हे शासनाने ठरवलेलं आहे आणि ती तशीच छापली पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सीमा दाखवायला पहाडाचा रंग पुसावा लागत नाही.

आता मुलांच्या वह्यांत काय असतं ते सांगते. “हिमालयाच्या तीन समांतर रांगा कोणत्या? हिमाद्री, हिमाचल, शिवालिक.” तीन गुण. ही नावं चुकीची नाहीत. पण त्याच शिवालिकला नेपाळात चुरे म्हणतात, आणि मधल्या रांगेला महाभारत. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं ताठ बसली. पहाडाचं नाव महाभारत! मग कोणी विचारलं की आपल्याकडे त्या मधल्या रांगेला काय म्हणतात. काश्मीरकडे पीर पंजाल, हिमाचल प्रदेशात धौलाधार. रांग तीच, गाव बदललं की नाव बदलतं, आपल्या वर्धा नदीसारखं. वर्धा पुढे वैनगंगेला मिळाली की प्राणहिता होते, हे आमच्या मुलांना पाठ आहे. तेव्हा एकाच रांगेला तीन मुलखांत तीन नावं असणं त्यांना अवघड वाटत नाही. अवघड जातं ते मधेच तोडलेलं.

गाइडांमध्ये तर आणखी एक घोळ असतो. के-टू हे हिमालयातलं शिखर म्हणून छापलेलं असतं. ते ८,६११ मीटरांचं शिखर काराकोरम रांगेत आहे, सिंधूच्या पलीकडे. सिंधू या दोन रांगांच्या मधून वाहते. नदी कुठून वाहते ते पाहिलं की रांग कुठे संपते ते कळतं, आणि नदी दाखवायची तर नकाशा सीमेच्या पलीकडे न्यावाच लागतो.

हिमालयाची दोन टोकं मुलांना कशी समजावते ते लिहिते, कारण हे पुस्तकात आलं तर फार बरं होईल. कैलास आणि मानसरोवराच्या परिसरातून, म्हणजे हिमालयाच्या पाठीमागून, दोन मोठ्या नद्या निघतात. सिंधू पश्चिमेला जाते, ब्रह्मपुत्रा पूर्वेला. तिबेटात तिला यारलुंग त्सांगपो म्हणतात. दोघी पहाडाच्या पाठीशी शेकडो किलोमीटर चालतात. सिंधू नंगा पर्वताला वळसा घालून दक्षिणेला येते, ब्रह्मपुत्रा नामचा बरवाला वळसा घालून. मुलांना मी दोन्ही हात पुढे करायला सांगते, जशी आपण मोठी टोपली कवेत घेतो तसे. मधे पहाड. हाताची बोटं जिथे वळतात तिथे दोन शिखरं, ८,१२६ मीटर आणि ७,७८२ मीटर. ही कवेतली आकृती मुलं विसरत नाहीत. भारताच्या सीमेत कापलेल्या नकाशावर मात्र ती काढताच येत नाही.

आमच्या तालुक्याचा आणि हिमालयाचा एक जुना संबंध आहे, आणि तो राज्यातल्या कुठल्याही मुलाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानच्या मोजणीसाठी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनं मोजली. त्या एका रेषेवर त्रिकोण, त्रिकोणावर दुसरा त्रिकोण, असं करत ते आणि त्यांची माणसं उत्तरेकडे निघाली. कोन मोजायचं त्यांचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं होतं. वीस वर्षं हे काम करत ते विदर्भात पोचले, आणि नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर हिंगणघाटात आहे. पुढचं काम त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतलं आणि त्रिकोणांची ती माळ देहरादूनपर्यंत, हिमालयाच्या पायथ्याशी नेली.

मी दरवर्षी एक वर्ग कबरीपाशी घेऊन जाते. डबे घेऊन जातो, तिथेच बसतो, तिथेच तास होतो. पोरांना मी सांगते की जगातल्या सगळ्यात उंच शिखराची उंची ज्या मोजणीतून निघाली, ती मोजणी या वाटेनं गेली. १८४९-५० मध्ये त्या शिखराकडे दुर्बिणी लावल्या गेल्या. नेपाळात जायला परवानगी नव्हती, म्हणून मोजणारे बिहारच्या तराईत, हिवतापाच्या मुलखात उभे राहिले आणि शंभर मैलांहून दूर असलेल्या पांढऱ्या टोकाचे कोन घेतले. कोलकात्याच्या राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड केली. पंधरा क्रमांकाचं ते शिखर २९,००२ फूट भरलं. १८५६ मध्ये ते जाहीर झालं, आणि पुढे त्याला एव्हरेस्ट नाव मिळालं. खुद्द एव्हरेस्ट यांना ते पसंत नव्हतं. तिथल्या लोकांची नावं आधीपासूनच होती, तिबेटी लोकांचं चोमोलुंगमा. नेपाळनं पुढे त्याला सागरमाथा म्हटलं.

सीमा बंद असतानाही त्या माणसांनी पहाड सीमेपाशी संपला असं मानलं नाही, सीमेवर उभं राहून पलीकडचं मोजलं. आणि आजची ८,८४८.८६ मीटर ही उंची डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन या दोन देशांनी मिळून जाहीर केली. शिखरच दोघांच्या सीमेवर आहे, एकट्यानं मोजून भागत नाही. आपल्या पुस्तकात ते शिखर फक्त नावापुरतं येतं, एका वाक्यात, “जगातील सर्वोच्च शिखर”.

याच मोजणीतली आणखी एक गोष्ट गावातल्या मुलांना फार चटकन कळते, कारण त्यांनी गवंडी पाहिलेला असतो. भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंब्यानं पाहतो. ओळंबा सरळ खाली जातो हा आपला भरवसा. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीत मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं तर जुळेना. तफावत कोनाच्या पाच सेकंदांची (एक सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). कारण हे की हिमालयाचं वजन ओळंब्याला आपल्याकडे ओढत होतं. मग कोलकात्यातले पाद्री प्रॅट यांनी हिशेब केला की एवढा मोठा पहाड असेल तर ओळंबा तिप्पट ओढला जायला हवा, पंधरा सेकंद. तेवढा तो ओढला जात नव्हता. १८५५ मध्ये इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी त्याचं उत्तर सुचवलं: पहाडाला खाली मूळ आहे, आणि ते मूळ भोवतालच्या खडकापेक्षा हलकं आहे. आज आपल्याला माहीत आहे की हिमालय आणि तिबेटखाली पृथ्वीचं कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, आपल्या दख्खनखाली असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहाड जेवढा वर दिसतो त्याच्या कितीतरी पट जमिनीत आहे. गेल्या वर्षी हे शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा बापाचा ओळंबा दप्तरात घालून घेऊन आला.

आता माझ्या घरातलं सांगते. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात एक शाळिग्राम आहे. त्यांच्या आजेसासऱ्यांनी काशीहून आणलेला. पेरूएवढा काळा, गुळगुळीत, एका बाजूनं टवका उडालेला, आणि त्या टवक्यातून आतलं चक्र दिसतं, गोगलगायीच्या शंखासारखं पण चपटं, बारीक बारीक कप्प्यांचं. तुळशीच्या लग्नाला तो बाहेर येतो, एरवी देव्हाऱ्यात असतो. मी तो शाळेत न्यायचं म्हटलं तर सासूबाई आधी नाही म्हणाल्या. मग स्वतःच आल्या, पदरात घेऊन. “हात धुऊन घ्या पोट्ट्याहो, मगच शिवा,” म्हणाल्या. चाळीस मुलांनी हातपंपावर हात धुतले आणि रांगेत येऊन तो दगड पाहिला.

शाळिग्राम नेपाळात, मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकीच्या पात्रात सापडतात. आतलं चक्र हे समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याचं कवच आहे, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा तुकडा दक्षिणेहून सरकत आला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. समुद्राचा तळ मधे सापडला, चुरडला, घड्या पडून वर आला. वखर चालतो तेव्हा पासेपुढे ढेकळं आणि धसकटं कशी जमा होऊन उंचवटा होतो, ते आमच्या मुलांनी रोज पाहिलेलं असतं. मी तेच सांगते, आणि दुसऱ्या उदाहरणाची गरज पडत नाही. सागरमाथ्याच्या अगदी टोकावरचा खडकसुद्धा समुद्राच्या तळाशी झालेला चुनखडक आहे.

शाळिग्रामाच्या बाजूला मी शाळेच्या विहिरीतून निघालेला काळा गोटा ठेवला. आपल्याकडचा हा काळा पाषाण, ज्याची पुढे कापसाची काळी माती झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे हा खडक झाला तेव्हा हिमालय नव्हता. भारत अजून समुद्रातून सरकत होता. एक पोरगी हळूच म्हणाली, “म्हणजे आपला गोटा त्या पहाडाचा आजा आहे.” सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पुढे घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं की मग देवातला दगड किती जुना. मी सांगितलं, दोघांहून जुना. त्यांनी नमस्कार केला.

हा धडा मी कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नाही, पण तो पुस्तकात बसू शकतो. विदर्भात काळा गोटा कुठेही मिळतो. शाळिग्राम गावात एक तरी असतोच. आणि काली गंडकीची दरी शिकवल्याशिवाय तर पुढे जाऊच नये, कारण तिथे एका बाजूला ८,१६७ मीटरांचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरांचा अन्नपूर्णा, आणि मधून नदी अडीच हजार मीटरांच्या आसपास वाहते. पोरं विचारतात की नदी एवढा पहाड फोडून कशी गेली. फोडून गेलीच नाही. नदी आधीपासून होती, पहाड नंतर वर आला. आरा गिरणीत पातं जागच्या जागी फिरतं आणि ओंडका पुढे सरकतो, तसं. पातं म्हणजे नदी. सिंधू, सतलज, अरुण, ब्रह्मपुत्रा या सगळ्यांनी असंच केलं आहे. म्हणून तर त्या हिमालयाच्या पाठीमागे उगम पावून पुढे येऊ शकल्या. पुस्तकात “पूर्ववर्ती नद्या” असे दोन शब्द येतात. आऱ्याचं चित्र आलं तर ते दोन शब्द समजतील.

सैंधव मीठ आणि हिवाळ्यात आमच्या धरणावर उतरणारे हंस यांच्याबद्दलही लिहायचं होतं, थोडक्यात लिहिते. सैंधव हा शब्द सिंधूवरून आला. पाकिस्तानातल्या खेवड्याची मिठाची खाण ज्या डोंगरांत आहे ते हिमालयाला वर उचलणाऱ्या त्याच रेटारेटीतून उठले. आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तिबेट आणि मंगोलियाहून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, सात हजार मीटरांहून उंच उडताना त्यांची नोंद झालेली आहे. उपासाच्या भगरीतलं मीठ आणि धरणावरचा पक्षी, दोन्ही मुलांच्या ओळखीचे.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट पावसाची आहे.

जुलै-ऑगस्टात आमच्याकडे पाणी दडी मारतं. पेरणी झालेली असते, सोयाबीन वीतभर आलेलं असतं, आणि मग दहा दिवस, पंधरा दिवस, कधी तीन आठवडे आभाळ कोरडं. जमिनीला भेगा पडतात. माझ्या वर्गातली मुलं त्या दिवसांत गप्प असतात, कारण घरी बोलणं बंद झालेलं असतं. एका अशाच वर्षी, टीव्हीवर बिहारमधल्या पुराच्या बातम्या होत्या. कंबरभर पाण्यातून माणसं गाई हाकत होती. माझ्या वर्गातला एक मुलगा, त्याच्या घरची दुबार पेरणीही करपायला आली होती, तो मला म्हणाला, “मॅडम, तिकडे एवढं पाणी अन् आमच्याकडे थेंब नाही. असं कसं करते देव?”

मी त्याला उत्तर दिलं, पण ते पुस्तकातून देता आलं नाही. उत्तर हे आहे. पावसाळ्यात कमी दाबाचा एक लांबट पट्टा राजस्थानातल्या गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत आडवा पसरलेला असतो. त्याला मान्सूनचा आस म्हणतात. तो आपल्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की उपसागरातून उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून विदर्भात येतात आणि आपल्याकडे पाणी पडतं. कधी कधी हा आस उत्तरेला सरकतो आणि थेट हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन टेकतो. त्या दिवसांत ढग पहाडाला अडतात. नेपाळची तराई, उत्तर बिहार, आसाम, भूतानचा पायथा, तिकडे धो धो. आणि मध्य भारत कोरडा. हवामान खातं ज्याला मान्सूनमधला खंड म्हणतं तो हाच. म्हणजे त्याच्या शेतातल्या भेगा आणि बिहारमधल्या माणसाच्या कंबरेचं पाणी, या दोन बातम्या एकाच गोष्टीच्या आहेत, आणि त्या गोष्टीच्या मधोमध हिमालय उभा आहे.

हे ऐकून त्याचं सोयाबीन वाचलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो हवामानाच्या बातमीत आस कुठे आहे ते पाहू लागला आणि घरी सांगू लागला. बापानं त्याचं ऐकायला सुरुवात केली. चौदा वर्षांच्या मुलाचं बोलणं घरात धरलं जाणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही.

हिमालय उत्तरेचे थंड वारे अडवतो आणि मान्सूनचे वारे अडवून पाऊस पाडतो, असं पुस्तकात असतं. ते खरं आहे. पण ते वाचून विदर्भातल्या मुलाला वाटतं की ही दिल्लीकडची गोष्ट आहे. आपल्याकडे संत्र्याला आणि हरभऱ्याला गारपिटीनं झोडपलं, जसं २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झोडपलं, तेव्हाही पश्चिमेकडून हिमालयावर येणारे पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारे कमी दाबाचे पट्टे) आणि उपसागराचे दमट वारे यांची गाठ पडलेली असते. तेही कुठे येत नाही.

आणि पहाडावरची संकटं. जून २०१३ मध्ये केदारनाथला प्रलय आला तेव्हा आमच्या आसपासच्या गावांतले यात्रेकरू तिकडे अडकले होते. एका विद्यार्थिनीची आजी पंधरा दिवसांनी घरी आली, आणि ती पुढे कितीतरी महिने पाणी वाहण्याचा आवाज आला की घरात जाऊन बसायची. गावातल्या माणसांना वाटलं, देव कोपला. वर चोराबाडीच्या हिमनदीपाशी एक तळं होतं, अतिवृष्टीनं ते भरलं आणि त्याचा बांध फुटला, हे मुलांना सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये तसंच तळं फुटून तिस्तेला पूर आला आणि धरण वाहून गेलं. १८ ऑगस्ट २००८ रोजी कोसीचा बांध नेपाळातल्या कुसहा इथे फुटला आणि बुडालं बिहार. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप नेपाळात झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली, त्यात भारतातलीही होती आणि तिबेटातलीही. भारत अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आहे, म्हणून हे होतं आणि होत राहील. आमच्या गावचे लोक दरवर्षी चारधामला जातात, काही मुक्तिनाथलाही जाऊन आले आहेत. जो पहाड त्यांना देव वाटतो तो तरुण आहे, ठिसूळ आहे, हलता आहे, हे त्यांच्या नातवांना आठवीत कळलं तर ती घरी बोलतील.

समितीला माझी विनंती फार मोठी नाही. दोन समोरासमोरची पानं द्या, हिमालयाला आडवं पसरू द्या, नंगा पर्वतापासून नामचा बरवापर्यंत. त्यात पाचही देशांच्या सीमा बारीक रेषेनं आणि पहाड ठळक रंगानं. भूतान मोकळा सोडू नका. ७,५७० मीटरांचं गांगखर पुएनसुम तिथे आहे, त्यावर अजून कोणी चढलेलं नाही, आणि भूताननं २००३ पासून गिर्यारोहणच बंद केलं आहे कारण ती शिखरं त्यांना पवित्र आहेत. हे ऐकून आमची मुलं फार वेळ बोलत राहिली. परीक्षेत तीन रांगांची नावं विचाराल तर विचारा, पण एक प्रश्न असाही ठेवा की तुमच्या गावात पाऊस थांबतो तेव्हा हिमालयाच्या पायथ्याशी काय चाललेलं असतं. त्याचं उत्तर प्रत्येक जिल्ह्यातलं मूल आपापल्या शेतातून लिहील. आणि धड्याच्या शेवटी शिक्षकांसाठी चार ओळी सोडा: आपल्या भागातला हिमालय शोधा. कोकणातल्या शिक्षकाला तो वेगळा सापडेल, खानदेशातल्याला वेगळा.

या पत्रासोबत आमच्या वर्गानं केलेल्या नकाशाचे फोटो जोडते आहे. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू डकवून तो केला. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर, म्हणून २४० सेंटिमीटर लांब झाला, आणि वर्गाची मागची भिंत भरली. सिंधूला निळी लोकर लावली आहे, ब्रह्मपुत्रेलाही. चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत. भूतान थोडा मोठा झाला आहे आणि धौलागिरीच्या नावातली वेलांटी चुकली आहे.

नकाशा झाल्यावर मुलांनी विचारलं की आपलं गाव कुठे येईल. सागरमाथ्यापासून हिंगणघाट सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर. म्हणजे नकाशाच्या मापानं सव्वा मीटरच्या आत. पट्टी घेऊन खाली आणि डावीकडे मोजलं, कागद कधीच संपलेला होता, ठिपका भिंतीवर आला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्याजवळ. एका मुलीनं तिथे खडूनं गोल केला आणि लिहिलं, ‘आमी इथं’. ही तीच, जिनं गेल्या वर्षी नेपाळवरून काठी उचलली होती. तो खडू झाडताना पुसू नये म्हणून आता तिनं त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे.

आपली नम्र,
भूगोल शिक्षिका
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा